तुळईच्या पोटाला भोक पाडण्याआधी

"साहेब, सळई लागली. दोन इंच सरकून मारू का?"

सिझर लिफ्टवर, जमिनीपासून सातेक मीटर उंचीवर उभ्या असलेल्या फिटरने वरून विचारलं. चाकणजवळ एका नव्या कारखान्याचं काम चाललं होतं. आगीच्या स्प्रिंकलरचे पाइप बीमखालून टांगायचे होते आणि त्यासाठी बीमच्या पोटाला फास्टनरची भोकं पाडणं सुरू होतं. त्याचा प्रश्न रास्त होता. साध्या आरसीसी बीममध्ये ड्रिल सळईवर अडलं की फिटर थोडा सरकतो आणि दुसरं भोक पाडतो. त्याने उभी हयात तेच केलेलं. पण हा बीम कारखान्यात ओतून आणलेला, प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आतल्या ताणलेल्या तारांनी आधीच दाबून ठेवलेला होता. मी लिफ्ट खाली घ्यायला सांगितली, त्याच्यासोबत वर गेलो आणि भोकात टॉर्च मारला. राखाडी भुकटीच्या मागे चांदीसारखा चकचकीत ओरखडा दिसला. बारीक तार, आणि तिला बिलगून तिरकी गेलेली दुसरी तार. ती सळई नव्हती, स्ट्रँड, म्हणजे तारांचा ताणलेला पीळ होती. मी बघत होतो त्या क्षणी त्या करंगळीएवढ्या स्ट्रँडमध्ये सुमारे ११ टनांची ओढ होती.

तार तुटली नव्हती, नुसती खरवडली गेली होती. काम तिथेच थांबवलं. दुपारी कंत्राटदाराचा सुपरवायझर, बीमवाल्यांचा माणूस आणि मी चहाच्या टपरीवर बसलो, तेव्हा लक्षात आलं की तिघांपैकी दोघांना या बीमच्या पोटात काय असतं याची नीट कल्पनाच नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी वहीच्या पाठकोऱ्या पानावर चित्रं काढून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. कारखाना, गोदाम, मॉल, पार्किंगची इमारत, जिथे जिथे असे प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेले बीम आहेत आणि त्यांना पाइप, केबल ट्रे, एसीचे डक्ट, पंखे किंवा चेन पुली टांगायची आहे, त्या प्रत्येक ठिकाणच्या माणसाला हे माहीत असायला हवं.

आवळून ठेवलेलं काँक्रीट

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना प्रीस्ट्रेसिंग निम्मं आधीच समजलेलं आहे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. ती शेणीच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना धाव आक्रसते आणि लाकडी घेर, आरे, तुंबा सगळं एकमेकांत करकचून दाबते. गाडीत अजून एक पोतंही चढलेलं नसतं, तरी चाक आतून दाबलेलं असतं. म्हणूनच दगडधोंड्यांतून गेलं तरी त्याचे सांधे उघडत नाहीत.

काँक्रीटला याच मदतीची गरज असते. दाब सोसण्यात ते पटाईत, ओढ सोसण्यात मात्र फारच लेचंपेचं. ढोबळ मानाने दाबाच्या एक दशांश एवढीच ओढ त्याला पेलते. दोन टोकांवर टेकलेल्या बीमवर वजन आलं की तो मधे वाकतो, वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. आरसीसी बीममध्ये खालचं काँक्रीट केसाएवढं तडकतं आणि मग तिथल्या सळया ओढ पेलायला लागतात. म्हणजे वजन येईपर्यंत सळई जवळपास निवांत असते. प्रीस्ट्रेस्ड बीममध्ये उलटा क्रम आहे. वजन यायच्या कितीतरी आधीच खालचं काँक्रीट दाबून ठेवलेलं असतं. नंतर वजनामुळे जी ओढ येते, ती आधीचा हा दाब कमी करण्यातच खर्च होते.

हा दाब येतो स्ट्रँडमधून. बीमच्या कारखान्यात शंभर-शंभर मीटर लांबीचे बेड असतात. बेडच्या दोन टोकांमध्ये स्ट्रँड ताणून धरतात, भोवती साचा लावून काँक्रीट ओततात, वाफेवर पक्कं करतात आणि मग टोकाच्या स्ट्रँड कापतात. सुटलेल्या स्ट्रँड आक्रसू पाहतात, पण काँक्रीटने त्यांना सगळ्या लांबीभर धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे त्या काँक्रीटलाच आवळतात. बीम मधे किंचित वर उचलला जातो, त्याला साइटवर कॅम्बर म्हणतात. ट्रेलरवरून आलेला बीम मधे फुगीर दिसला की नवखे लोक घाबरतात. तो फुगवटा म्हणजे आत ओढ शाबूत असल्याची खूण आहे.

आता थोडे आकडे. नेहमीची स्ट्रँड १२.७ मिमी जाडीची असते. मधे एक सरळ तार आणि तिच्याभोवती पीळ दिलेल्या सहा तारा, अशा सात तारा मिळून ती बनते. एकेक तार साधारण सव्वाचार मिमीची. सातही तारांचं मिळून छेदाचं क्षेत्रफळ जेमतेम ९९ चौरस मिमी, पण ती तुटायला सुमारे १८४ किलोन्यूटन, म्हणजे साडेअठरा टनांच्या वर ओढ लागते. तिला ताणतात त्याच्या साधारण पाऊणपट, म्हणजे १४ टनांपर्यंत. काँक्रीट आक्रसतं, दाबाखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं आखडत जातं, स्ट्रँडही किंचित सैलावते, आणि हे सगळं वजा जाऊन ११ टनांच्या आसपास ओढ कायमची उरते. अशा २० स्ट्रँड असलेल्या बीमच्या पोटात रात्रंदिवस, वर काहीही नसताना, दोन-सव्वादोनशे टनांचा दाब असतो.

एवढं कडक पोलाद कशासाठी, याचं उत्तर फ्रेंच इंजिनीअर युजीन फ्रेसिने यांनी दिलं. त्यांनी १९२८ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या लोकांनी साध्या लोखंडाच्या सळया ताणून पाहिल्या होत्या आणि त्यांची ओढ काही काळाने नाहीशी झाली होती. कारण काँक्रीट काही वर्षांत जेवढं आखूड होतं, तेवढ्यानेच साध्या सळईतला ताण संपून जातो. फ्रेसिने यांनी ही आखूड होण्याची चाल स्वतःच्या पुलांवर पाहिली आणि ओळखलं की तार इतकी कडक हवी, इतकी जास्त ताणायला हवी की एवढं वजा जाऊनही भरपूर शिल्लक राहावं. ताकद आणि धोका दोन्ही इथूनच येतात. स्ट्रँडचं पोलाद नेहमीच्या टीएमटी सळईच्या जवळपास चौपट ताकदीचं असतं, आणि ते नेहमीच मोठ्या ताणाखाली काम करत असतं. त्याला विश्रांती नसते.

नेमकं तिथेच भोक

टांगणाऱ्याला बीमची खालची बाजू हवी असते. ती हाताशी येते, सपाट असते, रॉड सरळ खाली सोडता येतो. आणि डिझाइन करणाऱ्याने सगळ्या स्ट्रँड नेमक्या तिथेच, खालच्या चार-सहा इंचांत भरलेल्या असतात, कारण ओढ तिथेच येते. सगळी अडचण या एका योगायोगात आहे.

खालच्या पृष्ठभागापासून पहिल्या थरापर्यंत काँक्रीटचं कव्हर साधारण ४० मिमी, काही घटकांत त्याहूनही कमी. साइटवर सर्रास वापरला जाणारा १० मिमीचा ड्रॉप-इन अँकर, म्हणजे भोकात ठोकला की फुगून पकडणारा फास्टनर, ज्याला बरेच जण बुलेट म्हणतात, तो ४० मिमी लांब असतो आणि त्याला १२ मिमी व्यासाचं, तेवढंच खोल भोक लागतं. म्हणजे भोकाचा तळ आणि स्ट्रँडची पाठ एकाच पातळीवर. फिटरचा हात जरा जोरात गेला, बिट पाच मिमी खोल गेलं, की झालं.

साध्या सळईला बिट घासलं तर तेवढ्या जागी थोडं लोखंड कमी होतं, बस. स्ट्रँडचं तसं नाही. सव्वाचार मिमीच्या तारेत एक मिमीचा खड्डा म्हणजे मोठी जखम आहे. ताणलेल्या तारेतला सगळा ताण त्या खड्ड्याच्या कडेला एकवटतो. भोकातून हवा आणि ओल आत जाते, खड्ड्यात गंज धरतो, आणि इतक्या कडक, इतक्या ताणलेल्या पोलादात गंज आणि ताण मिळून बारीक चीर आत सरकवत नेतात. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. अशी तार वाकून, लांबून इशारा देत नाही, एके दिवशी तुटते. तबल्याची एक वादी कापली तर पुडीचा सूर लगेच बिघडतो, कानाला कळतं. इथे कळायला काहीच नसतं.

आता प्रामाणिकपणे हेही सांगतो की एका भोकाने बीम खाली येत नाही. बेडवर ओतलेल्या बीममध्ये काँक्रीटने स्ट्रँडला सगळीकडून धरलेलं असतं. ती एका जागी तुटली तर तिथून दोन्ही बाजूंना व्यासाच्या पन्नास-साठपट, म्हणजे पाऊण मीटरच्या आत ती पुन्हा काँक्रीटमध्ये पकड घेते. तेवढ्या तुकड्यापुरती २० पैकी एक स्ट्रँड गेली, पाच टक्के गेले. डिझाइनमध्ये एवढी सवड बहुधा असते. पण मी ज्या इमारती पाहिल्या, तिथे भोक कधीच एकटं नसतं. आधी फायरवाला येतो, मग इलेक्ट्रिकवाला केबल ट्रे घेऊन, मग डक्टवाला, मग कॅमेरे आणि नेटवर्कवाला. प्रत्येकाला बीमचा मध्यच सोयीचा वाटतो, आणि बीमला सगळ्यात जास्त स्ट्रँड लागतात त्याही मध्यावरच. एकाच छेदात तीन-चार स्ट्रँड दुखावल्या, तर ते गणित कुणीच केलेलं नसतं.

सगळे प्रीस्ट्रेस्ड बीम असे दयाळूही नसतात. काहींत काँक्रीट पक्कं झाल्यावर नळीतून केबल ओवून ताणतात. नळीत सिमेंटचं ग्राउट नीट भरलेलं असेल तर ठीक, पण ग्रीस लावलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणातली, काँक्रीटला न चिकटलेली केबल असेल, तर ती एका जागी तुटली की टोकापासून टोकापर्यंतची सगळी ओढ जाते आणि तुटताना ती काँक्रीट फोडून बाहेरही झेप घेऊ शकते. ड्रिल धरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतणारी ही गोष्ट आहे. म्हणून "बीम प्रीस्ट्रेस्ड आहे का" एवढं विचारून भागत नाही. "कोणत्या पद्धतीने" हे विचारायलाच हवं.

हॅमर ड्रिल आणि डायमंड कोअर मशीन यांतला फरकही फिटरला माहीत हवा. हॅमर ड्रिलचं बिट पोलादावर अडतं, आवाज बदलतो, हाताला धक्का बसतो. माणसाला थांबायची संधी मिळते. कोअर मशीन पाण्याच्या धारेखाली काँक्रीट आणि पोलाद एकाच शांतपणे कापत जातं. कोअरचा दंडगोल बाहेर काढल्यावर त्याच्या कडेला सात चकचकीत ठिपके दिसतात, तेव्हा कळतं की स्ट्रँड गेली. प्रीस्ट्रेस्ड बीमवर लेखी परवानगीशिवाय कोअर मशीन चढवूच नये, याबाबत मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणि वेल्डिंग. स्ट्रँड उघडी पडली म्हणून तिलाच क्लॅम्प वेल्ड केल्याचं मी एकदा पाहिलं आहे. या तारा थंडपणे ओढून कडक केलेल्या असतात. चारशे अंशांच्या आसपास तापल्या की त्यांची निम्मी ताकद जाते. वेल्डिंगची ठिणगी तर त्याच्या कितीतरी पुढची. बीमजवळ वेल्डिंग करताना अर्थिंगची वायरसुद्धा स्ट्रँडला लावायची नसते.

वजन किती, आणि ते कुठे धरलंय

"साहेब, पाइपच तर आहेत, त्यांचं वजन ते काय?" हे वाक्य ऐकलं की मी कॅल्क्युलेटर काढतो. १५० मिमीच्या मध्यम जाडीच्या लोखंडी पाइपचं वजन मीटरला १९ किलोच्या आसपास, आणि आतल्या पाण्याचं पुन्हा तेवढंच. पाणी लोक विसरतात. मिळून मीटरला ३८ किलो. दर तीन मीटरवर एक रॉड धरला तर एका रॉडवर ११४ किलो. १२ मीटरच्या बीमखालून पाइप लांबीभर गेला तर एकूण ४५६ किलो, म्हणजे पाच-सहा माणसं. बीमच्या दृष्टीने हे खरंच फार नाही, आणि सेवांसाठी म्हणून डिझाइनमध्ये काही वजन बहुधा धरलेलं असतं.

आता त्याच बीमच्या मध्यावर दोन टनांची चेन पुली लावायची ठरवा. हाताने ओढायच्या पुलीलाही धक्क्याचे १० टक्के वाढवून धरतात, विजेवर चालणारी असेल तर २५. हाताच्या पुलीने मध्यावर जो वाक येतो तो त्या सगळ्या पाण्याने भरलेल्या पाइपच्या वाकाच्या साडेनऊपट भरतो. वजन जवळपास पाचपटच आहे, पण ते सगळं एका जागी, सर्वांत नाजूक जागी आलं आहे. पसरलेलं वजन आणि एका टिंबावरचं वजन यांत असा फरक पडतो. मोटर, ब्लोअर, एसी युनिट यांच्यासारखं थरथरणारं काही असेल तर अँकर हळूहळू सैल होण्याची भीती वेगळी.

आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बीमच्या डोक्यावर ठेवलेलं वजन आणि पोटाला टांगलेलं वजन, किलोमध्ये सारखं असलं तरी, बीमला सारखं नसतं. सदऱ्याच्या खालच्या काठाला दगड बांधून पाहा. सगळा सदरा ताणला जाण्याआधी काठाची शिलाई उसवते. बीमचंही तेच. खाली टांगलेलं वजन आधी खालच्या काँक्रीटला वरच्यापासून तोडू पाहतं. ते बीममधल्या उभ्या रिंगांनी, म्हणजे सळयांभोवती वळवलेल्या बारीक सळयांनी, वर उचलून न्यावं लागतं, मग ते बीमच्या पूर्ण उंचीला मिळतं. मोठं वजन टांगायचं असेल तर डिझाइनर त्या जागी जास्तीच्या रिंगा टाकतो. त्या नसतील तर नंतर कुणी टाकू शकत नाही. वजन बीमच्या एका कडेला टांगलं तर बीमला पीळही पडतो, आणि प्रीकास्ट बीम बहुतेकदा सडपातळ असल्याने पीळ त्यांना आवडत नाही.

अँकर उपटतो तेव्हा एकटा येत नाही. सोबत नरसाळ्याच्या आकाराचा काँक्रीटचा तुकडा घेऊन येतो, टोक आत आणि तोंड बाहेर. हा तुकडा जेवढा मोठा, तेवढी पकड जास्त. खोली दुप्पट केली तर पकड पावणेतीनपटीच्या वर जाते, म्हणून खोल अँकर हवासा वाटतो. पण इथे खोल जायचं म्हणजे स्ट्रँडमध्ये जायचं. शिवाय पूर्ण नरसाळं मिळायला अँकरपासून कडेपर्यंत खोलीच्या दीडपट आणि दोन अँकरमध्ये तिप्पट अंतर लागतं. दीडशे मिमी रुंदीच्या पातळ बीमला मधोमध अँकर मारला तरी दोन्ही कडा ७५ मिमीवर, म्हणजे ५० मिमीपेक्षा जास्त खोलीचा पूर्ण फायदा मिळतच नाही. साइटवर मात्र दोन अँकर चार बोटांवर मारून "डबल सपोर्ट दिलाय" असं सांगतात. दोन्ही नरसाळी एकमेकांत शिरलेली असतात, ताकद दुप्पट होत नाही.

मग लोक केमिकल अँकरकडे वळतात. भोकात रसायन भरायचं, रॉड घालायचा, काही वेळाने दगडासारखं. चांगल्या मालाचं, नीट साफ केलेल्या भोकातलं काम खरोखर पक्कं असतं. पण डोक्यावर, कायमचं टांगलेलं वजन ही त्याची सगळ्यात अवघड परीक्षा आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या एका महामार्ग बोगद्यात १० जुलै २००६ रोजी छताचे काँक्रीटचे पॅनेल, सुमारे २६ टन वजनाचे, एका गाडीवर कोसळले आणि गाडीतल्या महिलेचा मृत्यू झाला. तपासात आढळलं की अँकर धरून ठेवणारं इपॉक्सी कायमच्या ओढीखाली हळूहळू सरकत होतं. पहिल्या दिवशीच्या चाचणीत ते उत्तम होतं. सततच्या वजनाने ते मिलिमीटर-मिलिमीटरने सुटत गेलं. जपानच्या सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी छताचे पॅनेल कोसळून ९ जण गेले. तो बोगदा १९७७ पासून चालू होता आणि तिथेही वरून टांगणारे अँकर रसायनाने चिकटवलेले होते. हे दोन्ही बोगदे होते, प्रीस्ट्रेस्ड बीम नव्हते, पण वरून टांगलेल्या वजनाचं वागणं तेच. बॉस्टननंतर अमेरिकी काँक्रीट संहितेच्या २०११ च्या आवृत्तीत कायमच्या ओढीसाठी अशा अँकरची ताकद ५५ टक्केच धरायची आणि वरच्या दिशेने ते बसवणारा कामगार प्रमाणित असायला हवा, असे नियम आले. आपल्याकडे रसायनाची नळी कोणाच्याही हातात दिसते. भोकातली भुकटी ब्रशने आणि हवेने काढली की नाही, हे पाहणारंही सहसा कुणी नसतं. भुकटी राहिली तर रसायन काँक्रीटला चिकटतच नाही, धुळीला चिकटतं.

मग टांगायचं कशाला?

सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात स्वस्तही आहे, पण त्याची वेळ बीम ओतण्याआधीची असते. बीमच्या साच्यातच थ्रेड असलेले सॉकेट किंवा लोखंडी चॅनेल बसवून ठेवायचे, किंवा बीमच्या आरपार जाणारी पीव्हीसी नळी ठेवायची. स्ट्रँडच्या मधल्या जागा डिझाइनरला नेमक्या माहीत असतात, म्हणून हे इन्सर्ट सुरक्षित जागी बसतात. अडचण एवढीच की बीमची ऑर्डर जाते तेव्हा फायर आणि एसीची ड्रॉइंग तयार नसतात. मालकाने हट्ट धरून ती लवकर मागवली पाहिजेत. नेमके मार्ग ठरलेले नसले तरी दर दीड-दोन मीटरवर सॉकेट ठेवून द्यावेत. काही वाया जातील, जाऊ देत. नंतरच्या एका स्कॅनिंगच्या खर्चात कितीतरी सॉकेट येतात.

वेळ निघून गेली असेल तर भोक न पाडता टांगण्याचे मार्ग आधी बघावेत. खाली रुंद पाय असलेल्या आय आकाराच्या बीमला त्या पायाच्या उतरत्या खांद्यावर दोन्हीकडून बसणारा क्लॅम्प करता येतो, मधे रबराची पट्टी घालून. वजन खांद्यावर बसतं, काँक्रीटला छिद्र पडत नाही. बीमच्या वर अजून स्लॅब झाला नसेल तर डोक्यावरून पट्टी टाकून दोन बाजूंनी रॉड खाली सोडता येतात, घोड्यावर खोगीर टाकतात तसे. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारा मार्ग म्हणजे या बीमपासून त्या बीमपर्यंत, किंवा कॉलमपासून कॉलमपर्यंत लोखंडी चॅनेल टाकायचा आणि सगळ्या सेवा त्याला टांगायच्या. पुढे दहा वर्षांनी नवा पाइप आला तरी फिटर चॅनेललाच भोक पाडेल.

भोक पाडावंच लागलं तर बीमच्या पोटाला नव्हे, बाजूला, स्ट्रँडच्या वरच्या पातळीत आडवं. इथे एक फसवी गोष्ट आहे. अनेक बीममध्ये काही स्ट्रँड मध्यावर खाली आणि टोकांकडे वर चढत नेलेल्या असतात. मध्यावर जी उंची मोकळी होती, तीच उंची आधाराजवळ स्ट्रँडने भरलेली असू शकते. टोकाच्या मीटरभर भागात तसंही काही करू नये. तिथे स्ट्रँड काँक्रीटला पकड देत असतात आणि कात्रीसारखा भारही तिथेच सगळ्यात जास्त असतो. पोकळ कोअर स्लॅबमध्ये मात्र हिशेब उलटा आहे. तिथे स्ट्रँड पोकळ्यांच्या मधल्या भरीव पट्ट्यांत असतात, म्हणून भोक पोकळीच्या बरोबर मधोमध घ्यायचं. खालचा पातळ थर जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा असतो, तेव्हा त्याला हलकंच टांगायचं आणि पोकळीत जाऊन उघडणारा, त्याच कामासाठी बनवलेला अँकर वापरायचा.

आणि दर वेळी आधी स्कॅन. चुंबकीय कव्हर मीटर पहिल्या थरातलं लोखंड दाखवतो, पण दाट रिंगांमागे दडलेली स्ट्रँड त्याला नीट दिसत नाही. रडारचं यंत्र खोलवर पाहतं, मात्र त्याचं चित्र वाचायला सरावाचा माणूस लागतो. दोन्ही वापरून बीमच्या अंगावर खडूने प्रत्येक स्ट्रँडची रेघ ओढायची, ती ड्रॉइंगशी ताडायची, आणि मगच ड्रिल हातात घ्यायचं, तेही खोलीचा अडसर लावून. ड्रॉइंग आणि खडूची रेघ जुळत नसतील तर विश्वास दोन्हींवर ठेवायचा नाही, बीम बनवणाऱ्याला फोन करायचा.

एवढं करूनही ड्रिल पोलादावर अडलं तर थांबायचं. त्या भोकात अँकर ठोकायचा नाही, कारण तो फुगतो आणि स्ट्रँडशेजारचं काँक्रीट फोडतो. भोक मोठं करून "बघू तर काय आहे" हेही नाही. जागा रंगवून ठेवायची, फोटो काढायचा, बीम क्रमांक आणि टोकापासूनचं अंतर लिहायचं आणि इंजिनीअरला कळवायचं. किती तारा दुखावल्या यावर पुढचं ठरतं. नुसता ओरखडा असेल तर हिशेब तपासून भोक न आक्रसणाऱ्या ग्राउटने किंवा इपॉक्सीने लगेच बंद करायचं, म्हणजे ओल आत जाणार नाही. स्ट्रँड तुटली असेल तर बीम नव्याने तपासावा लागतो आणि कधी कधी खालून कार्बन फायबर चिकटवून किंवा लोखंडाचा आधार देऊन मजबूत करावा लागतो. यातलं काहीही लपवलेल्या भोकावर करता येत नाही. म्हणून भोक सांगणाऱ्या फिटरला ओरडू नये. तो दुसऱ्यांदा सांगणार नाही.

चाकणच्या त्या फिटरने विचारलं, ते बरं झालं. तो न विचारता दोन इंच सरकला असता, तर ड्रिल पुढच्याच स्ट्रँडवर लागलं असतं, कारण दोन स्ट्रँडमधलं अंतरही दोनच इंचांचं होतं. आम्ही त्या बीममध्ये आधी पाडलेली बाकीची अकरा भोकं टॉर्चने तपासली, त्यांतल्या आणखी एकात चकचकीत कडा दिसली. दोन्ही भोकं त्याच संध्याकाळी ग्राउटने भरली आणि बीमचा हिशेब बीमवाल्यांकडून लेखी मागवला. तीन आठवड्यांनी पाइप बसले, बीमच्या खाली नाही, कॉलमवरच्या ब्रॅकेटवर टेकलेल्या चॅनेलवर. मालकाने आणखी एक काम त्याच फिटरकडून करून घेतलं. शेडमधल्या सगळ्या बीमच्या बाजूवर, पोटापासून एक फूट उंचीवर, लांबीभर पिवळी रेघ, आणि दर सहा मीटरवर मराठी आणि हिंदीत अक्षरं: "या रेघेखाली ड्रिल मारू नये. आत ताणलेल्या तारा आहेत."